तीन बार म्हटल्यावर

आमच्याकडे मेटल म्हणजे खडी. रस्त्यावर टाकतात ती. जालन्याचा माणूस फार तर सळई म्हणेल, कारण तिकडं लोखंडाचे कारखाने आहेत. त्यामुळे तीन पोरं परतूरच्या माझ्या स्टुडिओत आली आणि "काका, आम्हाला मेटल करायचंय" म्हणाली, तेव्हा मी सरळ विचारलं, "क्रशर कोणत्या गावाला हाय तुमचा?"

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मी आपला सुटलोच होतो. जाहिरात बाईच्या आवाजात पाहिजे का पुरुषाच्या, मागं सनई टाकायची का, रिक्षा किती गावांत फिरणार. शेवटी त्यांच्यातला एक किडकिडीत पोरगा हसत म्हणाला, "काका, गाणं हाय हे. मेटलकोर म्हणतात. अख्खा अल्बम करायचाय आम्हाला."

"मंग अगोदर सांगायचं ना बाबा. मी इकडं खडीला सनई लावून राह्यलो."

त्या पोराचा चेहरा ओळखीचा वाटत होता. नाव विचारलं तर ओंकार. बापाचं नाव विचारलं तर मारोतीराव. मी खुर्चीतून उठलोच. मारोतीरावांचा पोरगा माझ्याकडे ओरडायला येईल असं कोणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. का, ते कळायला आधी माझा धंदा आणि मारोतीराव, दोन्ही थोडं सांगायला लागेल.

माझा स्टुडिओ म्हणजे घरामागची पत्र्याची खोली. बाहेरचा आवाज आत येऊ नये आणि आतला घुमू नये, एवढीच स्टुडिओची खरी गरज. मोठ्या शहरात त्याला महागाचा फोम लावतात. मी मोंढ्यातून, म्हणजे आमच्या कापूस-धान्याच्या बाजारातून, जुना बारदाना आणला, पोत्यांत जिनिंगमधली रुई भरली आणि चारी भिंतींना छतापर्यंत थप्पी लावली. आवाज भिंतीला लागला की उलटा येतो, रुईला लागला की तिथंच झोपतो. एका गोष्टीवर मात्र इलाज सापडला नाही. रेल्वे आली की सगळ्यांनी गप्प बसायचं आणि गाडी गेल्यावर पुन्हा पहिल्यापासून. परतूरचं वेळापत्रक स्टेशन मास्तरनंतर मलाच पाठ असेल.

भजनी मंडळं, लग्नाची गाणी आणि रिक्षावरच्या जाहिराती यांच्यावर माझं आयुष्य गेलं. गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. एकाचा बैल हरवला होता. जाहिरात माझ्या माणसानं वाचली तर ह्याला पटेना. म्हणाला, बैल माझ्याच आवाजाला ओ देतो, हाक मी मारणार. मारली. रिक्षा गावोगाव फिरली आणि एका गावातून बैल खरंच रिक्षामागं चालायला लागला. रिक्षावाल्यानं घाबरून रिक्षा पळवली तर बैलही पळायला लागला. भजनी मंडळांचं वेगळंच. एकूणएक मंडळ मला सांगायचं, "काका, एको वाढवा थोडा." इतका एको की विठ्ठल म्हटलं तर मागून चार विठ्ठल यायचे. मी तापट माणूस, आरडाओरडा करायचो आणि शेवटी वाढवून द्यायचो.

आता मारोतीराव. ते मोंढ्यात हर्रास पुकारायचे. हर्रास म्हणजे लिलाव. शेतकऱ्याच्या मालाचा ढीग, भोवती व्यापाऱ्यांचं कोंडाळं आणि मधोमध पुकारणारा. भाव चढत जातो, पुकारणारा तो ओरडून सांगत राहतो, आणि चढायचा थांबला की म्हणतो, "एक बार... दो बार... तीन बार." मोंढ्याची बोली आमच्याकडे निजामाच्या काळापासून अशीच अर्धी हिंदी. तीन बार म्हटलं की सौदा पक्का. मग बोली लावणाऱ्यानं फिरायचं नाही. फिरला तर दुसऱ्या दिवशी कोंडाळ्यात त्याला कोणी उभं करत नाही. 'हर्रास फिरत न्हाई' असं आमच्याकडे पोरीचं लग्न ठरलं तरी म्हणतात.

मारोतीरावांचा पुकारा स्टेशनपर्यंत ऐकू यायचा. असा आवाज मोंढ्यात फुकट चाललेला बघून मी त्यांना जाहिरातींसाठी धरलं. मग काय, साड्यांच्या दुकानापासून बी-बियाण्यांपर्यंत गावात एकच आवाज. एका निवडणुकीत दोन्ही उमेदवारांच्या जाहिराती माझ्याकडे आल्या आणि दोन्हींना आवाज मारोतीरावांचाच पाहिजे. दोघांना वाटलं आवाज आपल्याच पदरात पडला. पुढं दोन्ही रिक्षा रेल्वे गेटवर समोरासमोर अडकल्या. गाडी येईना, गेट उघडेना, आणि मारोतीराव इकडून म्हणतायत यांनाच मत द्या, तिकडून म्हणतायत यांना चुकूनही देऊ नका. गाव महिनाभर हसत होतं की मारोतीराव स्वतःच्याच विरोधात उभे राहिलेत.

मग तो आवाज गेला. आधी घोगरा झाला, मग फाटला. संभाजीनगरला मोठ्या दवाखान्यात घशातली गाठ काढली. माणूस वाचला, पण आवाजाच्या जागी नुसती हवा उरली. कानाजवळ येऊन बोलले तरच कळतं. हर्रास सुटली, ते एका अडतीवर, म्हणजे दलालाच्या दुकानात, वजनकाट्यापाशी बसायला लागले. माझ्याकडं त्यांच्या आवाजाचा एक तुकडासुद्धा नाही. रिक्षाची जाहिरात कोण सांभाळून ठेवतो? काम झालं की त्याच टेपवर दुसरी भरायची, हीच आमच्या धंद्याची रीत. आज त्याची फार हळहळ वाटते.

आणि आता त्यांचाच पोरगा गळा फाडायला माझ्या दारात उभा.

"बापाला ठावं हाय का?" मी विचारलं.

"ठावं हाय, काका. त्यांची शर्त हाय." शर्त अशी होती. रोज संध्याकाळी घरी गेलं की ओंकारनं अण्णांसमोर, म्हणजे बापासमोर, उभं राहायचं आणि साध्या आवाजात म्हणायचं, एक बार, दो बार. आवाज साफ निघाला तर दुसऱ्या दिवशी गायचं. एक दिवस जरी घोगरा निघाला तर गाणं कायमचं बंद.

"आन तिसरा बार?"

"तो म्हणू देत न्हाईत. म्हणतात, अजून सौदा झाला न्हाई."

बाकीच्या दोघांची ओळख करून देतो. गिटारवाला गजू अंकुशनगरचा, त्याचे वडील तिथल्या साखर कारखान्यात बॉयलरवर. ड्रम वाजवणारा पवन टेंभुर्णीचा, लग्नाच्या बँडमध्ये वाजवून हात तयार झालेला. बँडचं नाव त्यांनी काहीतरी इंग्रजी ठेवलं होतं, ते माझ्या जिभेवर शेवटपर्यंत बसलं नाही. पवननं माझ्या भिंतींकडं बघितलं आणि म्हणाला, "आपण बारदानाच नाव ठेवू ना." तेच ठरलं.

ज्यांनी हे संगीत ऐकलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. गाणारा आधी किंचाळतो, मग मधेच गोड चालीत गातो, पुन्हा किंचाळतो. आणि सगळं धावत असताना एकदम वेग पडतो आणि जड जड ठोके सुरू होतात. त्याला ही पोरं ब्रेकडाउन म्हणतात. आमच्याकडं ब्रेकडाउन म्हणजे भर उसाच्या हंगामात रस्त्यावर बंद पडलेला ट्रॅक्टर. पण ऐकून ऐकून मला कळलं की अगदी चुकीचं नाव नाही. एवढा लोड घेऊन पळणारं काहीतरी अचानक बसतं.

पहिल्या दिवशी ओंकारनं पहिली किंकाळी फोडली आणि शेजारच्या मालनबाई हातात लाकडी लाटणं घेऊन धावत आल्या. "अहो, कोणाला करंट लागला का?" त्यांना चहा पाजून बसवलं, गाणं ऐकवलं. त्या बराच वेळ ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "पोराला कशाचं दुखतंय एवढं?" शब्द ओंकारचेच होते, मराठीत होते, पण किंचाळण्यात ते कळत नव्हते. कागदावर वाचले तेव्हा कळलं की सगळी गाणी आवाज गेलेल्या माणसावर होती. घरात सगळे असून ज्याची हाक कोणाला ऐकू जात नाही, अशा माणसावर. मी कागद घडी करून त्याला परत दिला आणि मशीनकडं वळलो.

काम अवघड होतं. भजनाला माईक तोंडाजवळ लागतो. इथं जवळ ठेवला तर आवाज फुटायचा, लांब ठेवला तर त्यातला जीव जायचा. माझं ऐन म्हातारपणातलं नवं शिक्षण सुरू झालं. पण एक दिवस गजू म्हणाला, "काका, एको कमी करा. बिलकुल नको." सगळ्या आयुष्यात हे वाक्य मला कोणी ऐकवलं नव्हतं. त्या दिवसापासून ती पोरं माझी झाली.

आणि मग नको तेच झालं. एका गाण्याच्या शेवटी ओंकारचा आवाज बसला. ज्येष्ठमध चघळलं, गरम पाणी प्यायला, माझ्या बायकोनं हळदीचं दूध दिलं. पण संध्याकाळ काही थांबत नाही. जाताना मला घोगऱ्या आवाजात म्हणाला, "काका, आज अण्णांसमोर कसं उभं राहू?" मी म्हणालो, "जसा रोज राह्यतो तसाच राह्य."

दुसऱ्या दिवशी दारात मारोतीराव. मागं ओंकार मान खाली घालून. मी समजलो, संपलं. मारोतीराव माझ्या कानाजवळ आले. "दिगूभाऊ, ऐकवा. काय करून राह्यलं हे पोरगं, बघू."

मी हेडफोन त्यांच्या डोक्यावर ठेवले आणि तोवर झालेलं सगळं लावलं. ते डोळे मिटून बसले. पोरं कोपऱ्यात उभी. संपल्यावर त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

"बंद करायलाच आल्तो," ते म्हणाले.

"मंग?"

"डॉक्टर मलाबी म्हणत होता, थांबा. कापसाचा सीझन होता, मी थांबलो न्हाई. माझा मला बंद करता आला न्हाई, ह्याचा काय करू? घरून बंद केलं तर हा रानात जाऊन ओरडंल. त्यापेक्षा माझ्यासमोर ओरडू द्या."

गजूला एकदम धीर आला. "अण्णा, मंग तुम्हीच शिकवा ना. पोटातून कसा काढायचा आवाज?"

मारोतीराव म्हणाले, "मला ठावं असतं तर माझा गेला असता का रे? मला एकच ठावं हाय, जायच्या आधी कसं वाटतं ते. घशात कापसाचं तूस अडकल्यावानी. खाकरलं तरी निघत न्हाई. तसं वाटलं की थांबायचं."

तेव्हापासून ते रोज दुपारी अडत आटपली की यायचे आणि रुईच्या थप्पीला टेकून बसायचे. ओंकारच्या आवाजात त्यांना काही खटकलं की एक बोट वर करायचे. बोट वर गेलं की काम बंद, पाणी प्यायचं, बाहेर जाऊन यायचं. पोरं आधी वैतागली. पवन म्हणायचा, आधी रेल्वे आडवी येत होती, आता अण्णा. पण ओंकारचा आवाज पुन्हा बसला नाही, हे सगळ्यांना दिसत होतं.

शेवटचं गाणं 'तीन बार'. अल्बमचं नावही तेच. त्यात ब्रेकडाउनच्या आधी सगळी वाद्यं थांबायची आणि ओंकारनं एकट्यानं पुकारा करायचा होता. एक बार. शांतता. दो बार. शांतता. मग पूर्ण ताकदीनं तीन बार आणि त्यावर सगळं कोसळायचं. कल्पना ओंकारचीच. बापाला त्यानं आधी सांगितलं नव्हतं. आम्ही रेल्वे जाऊ दिली आणि घेतलं. "एक बार" ऐकताच मारोतीराव ताठ झाले. हुबेहूब त्यांचाच पुकारा होता, तोच हेल. "दो बार"ही तसाच. "तीन बार" मात्र शेवटी तडकला. 'बार'वर आवाज चिरला आणि अर्धा आतच राहिला.

ड्रम थांबल्यावर ओंकार म्हणाला, "काका, अजून एकदा घेऊ. शेवट गेला."

मी पुन्हा मशीन लावायला हात पुढं केला. पुन्हा घेणं हा तर आमच्या धंद्याचा पायाच आहे. तेवढ्यात मारोतीराव उठले आणि माझा हात धरला.

"न्हाई. तीन बार झालं. हर्रास फिरत न्हाई."

"अण्णा, हा मोंढा हाय का?" गजू तडकून म्हणाला. "स्टुडिओ हाय हा. इथं दहादा घेता येतं."

मलाही राग आला. माझ्या खोलीत येऊन मला कोणी काम शिकवावं, हे मला कधीच सहन झालेलं नाही. मी म्हणालो, "मारोतीराव, तडकलेला आवाज अल्बमवर घालू का? लोक मला हसतील." त्यांनी हात सोडला नाही. ओंकार बापाकडं बघत होता. मग त्यानंच माईक खाली ठेवला. "ऱ्हाऊ द्या काका. अण्णा बराबर म्हणतात. तीन बार झालं."

पोरं गेल्यावर मारोतीराव अंगणात थांबले. "दिगूभाऊ, रागावू नका. नियमाबियमाचं निमित्त होतं. 'दो बार'लाच त्याचा घसा धरलेला मला ऐकू आल्ता. माझा असाच गेल्ता. आणखी एकदा ओरडला असता तर..." मी त्यांना चहासाठी आत घेऊन गेलो. ओंकारला मी हे कधी सांगितलं नाही. आता मी लिहिलेलं हे छापून आलं आणि अंक हातात पडला की त्याला कळेल.

अल्बम इंटरनेटवर गेला आणि आम्ही सगळे मोबाइल घेऊन बसलो. पहिल्याच माणसानं लिहिलं, जेसीबी चालू आहे का? दुसऱ्यानं लिहिलं, यापेक्षा आमचा डिझेल पंप सुरात वाजतो. गजूचे वडील बॉयलरवरचे, आयुष्यभर त्या धडधडीत उभे राहिलेले. त्यांनी ऐकून पोराला विचारलं, "गाणं सुरू कधी होतं?" भजनी मंडळाच्या बुवांनी मात्र संपूर्ण ऐकलं आणि म्हणाले, "शब्द कळले न्हाईत, पण पोरगं मनापासून करतंय. एको काहून न्हाई टाकला?"

मग कुठल्याशा मोठ्या शहरातल्या एका जाणकारानं सविस्तर लिहिलं. त्यात होतं की शेवटच्या गाण्यात आवाज मुद्दाम तडकवण्याचा निर्णय फार धाडसी आहे आणि त्याबद्दल निर्मात्याचं कौतुक करायला हवं. निर्माता म्हणजे मी. ते वाचून मी आणि बायको हसून हसून बेजार झालो. मारोतीरावांना वाचून दाखवलं तर त्यांनी गंभीरपणे मान डोलावली आणि म्हणाले, "बरं झालं तुम्ही ऐकलं माझं."

पण प्रत्यक्ष कार्यक्रम काही मिळेना. लग्नात कोण बोलावणार यांना? शेवटी मोंढ्याच्या गणपतीत योग आला, तोही असा की ठरलेल्या ऑर्केस्ट्रावाल्यांची गाडी वाटूर फाट्यावर बंद पडली. म्हणजे ब्रेकडाउननंच काम केलं. मंडळाचा अध्यक्ष नाइलाजानं म्हणाला, "आधी एक आरती नीट म्हणा, मंग काय ओरडायचं ते ओरडा." पोरांनी आरती इतकी छान म्हटली की लोक पुढं सरकून बसले. मग पहिलं गाणं सुरू झालं आणि लोक मागं सरकले. पुढचे एक आजोबा खुर्ची सरकवत सरकवत थेट चहाच्या गाड्यापाशी पोचले. तरणी पोरं तेवढी स्टेजसमोर टिकली. मी मिक्सरवर होतो, शेजारी मारोतीराव बोट तयार ठेवून उभे. अध्यक्ष दोनदा येऊन मला म्हणाला, "काका, जल्दी आटपा."

शेवटचं गाणं आलं. वाद्यं थांबली. ओंकार पुढं आला आणि म्हणाला, "एक बार."

सगळा मोंढा गप्प झाला. चहाच्या गाड्यावरचे लोकसुद्धा वळले. तिथल्या प्रत्येक माणसानं आयुष्यभर त्याच मैदानात, आपल्याच ढिगापाशी, श्वास धरून हे शब्द ऐकले होते. "दो बार." मागून कोणीतरी उठून उभं राहिलं, मग आणखी काही उठले. ओंकारनं तिसऱ्यासाठी तोंड उघडलं, पण त्याच्या आधी अख्खा मोंढा ओरडला, "तीन बार." पवनचे हात जागेवर थांबले होते, ते मग असे खाली आले की मंडपाचे बांबू हलले. म्हातारे, बायका, हमाल, व्यापारी, सगळे हसत होते. ओंकारला ओरडावंच लागलं नाही. तो माईक खाली धरून नुसता उभा होता. आजोबा खुर्ची उचलून पुन्हा पुढं आले.

त्या आरोळीत मीही ओरडलो, लाजायचं काय त्यात. माझी बायको ओरडली, जी कधी हर्रास बघायला गेली नाही. मारोतीराव तेवढे ओरडले नाहीत. ओठ घट्ट मिटून ते स्टेजकडं बघत होते. मला वाईट वाटलं. वाटलं, ह्या माणसाला आज आपला गेलेला आवाज आठवला असणार.

कार्यक्रम संपला. ओंकार घामानं निथळत खाली उतरला. लोक पाठ थोपटत होते, फोटो काढत होते. त्यातून वाट काढून तो सवयीनं बापासमोर येऊन उभा राहिला आणि साध्या आवाजात म्हणाला, "एक बार, दो बार."

आवाज स्वच्छ होता. तो रोजच्यासारखा तिथंच थांबला आणि वायरी गोळा करायला वळला. मारोतीरावांनी त्याचं मनगट धरलं. त्याला जवळ ओढलं आणि त्या उरल्यासुरल्या हवेतून म्हणाले, "तीन बार."

ओंकार जागच्या जागी उभा राहिला. मी उगाच मिक्सरचं एक बटण खालीवर करत राहिलो. मिक्सर तर कधीचाच बंद केला होता.

"अण्णा," ओंकार म्हणाला, "बघा हं, हर्रास फिरत न्हाई."

"मला शिकवतो का?" मारोतीराव म्हणाले. "चल, वायरी गुंडाळ."